उरलेलं परसात

मुकुंद रावांना कोणत्याही वाक्याचा पहिला अर्धा भाग पुरत असे. उरलेला अर्धा बोलणाऱ्याच्या तोंडात असतानाच ते "सरि, सरि" म्हणत आणि मान वळवत. सरि म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे. पहिले सरि संमतीचे असे. दुसरे, समोरच्याचे बोलणे संपले आहे हे त्याला कळवण्यासाठी.

तंजावरच्या दक्षिण वीथीला, पितळी समयांच्या एका दुकानाच्या वर, लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचे कार्यालय आहे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी ती प्रोग्रॅम तयार करते. यंत्राने मोजलेला आकडा उचलायचा, रुग्णाच्या नावाशी जोडायचा आणि रिपोर्ट छापायचा, एवढेच त्या प्रोग्रॅमचे काम. तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु इथल्या बऱ्याच प्रयोगशाळा तो वापरतात. मुकुंद राव तिथे तांत्रिक प्रमुख होते. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी नवऱ्याच्या बदलीबरोबर तंजावरला आले आणि या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम घेतले. माझे टेबल रावांच्या टेबलासमोर होते. या हकिगतीत माझा वाटा तेवढाच.

राव पन्नाशीच्या पुढचे होते. अंगाने भरलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेने. पेने लिहिण्यासाठी नव्हती. समोरच्याने फार वेळ बोलायला सुरुवात केली की त्यातले एक काढून ते त्याचे टोपण उघडत आणि मिटत. टोपणाचा आवाज सुरू झाला की कार्यालयातले लोक आपले म्हणणे आटोपते घेत. ईमेलच्या बाबतीत ही सोय नव्हती, म्हणून ते ईमेलचा फक्त विषय वाचत. विषयाच्या ओळीलाच उत्तर देत. उत्तर बहुधा एका शब्दाचे असे आणि तो शब्द कोणता हे सांगायला नको.

त्यांचे घराणे मराठा राजवटीत तंजावरला आलेले. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. तेव्हा त्यांचे मूळ पुरुष राजवाड्याच्या कोठारावर कारकून होते. पोंगलच्या सुमारास ते कोठीचे मुख्य झाले. वर्ष उलटायच्या आत त्यांना एक किल्ला मिळाला. मी बातमीदार असताना मृतांचा आकडा संध्याकाळपर्यंत वाढत गेलेला पाहिला होता, पूर्वजाचा हुद्दा इतक्या नियमाने वाढताना पाहिला नव्हता.

माझ्या मराठीबद्दल त्यांचे मत वाईट होते. "तुमची मराठी नासली हो," ते म्हणत. "निम्मी हिंदी. आमची बघा, राजांच्या वेळची, तशीच्या तशी ठेवलीय." त्यांच्या मराठीत करूं, जाऊं असे जुने अनुनासिक शेवट खरोखरच टिकून होते आणि ते ऐकायला चांगले वाटत. प्रश्नाच्या शेवटी मात्र तमिळसारखा एक लांब आ येई. "कॉफी घेतां आ?" असे ते रोज विचारत आणि मी साखर नको म्हणेपर्यंत साखरेची कॉफी सांगून मोकळे होत. ही राजांच्या वेळची मराठी त्यांना देवनागरीत वाचता येत नसे. घरातली व्रताची पोथीही त्यांच्याकडे तमिळ लिपीत होती. माझ्या टेबलावरचे मराठी मासिक ते उचलत, मुखपृष्ठावरचे चित्र पाहत आणि अंक सुमार आहे असे सांगून परत ठेवत.

कार्यालयात त्यांच्यासमोर पूर्ण वाक्य बोलण्याचा हट्ट धरणारी एकच व्यक्ती होती. सेल्वी. ओरत्तनाडूची, तिशीच्या आतली, संगणकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ती सावकाश बोलत असे आणि टोपणाचा आवाज सुरू झाला की आणखी सावकाश बोलत असे. राव तिला "काय अम्मा" म्हणत, ती त्यांना "सर" म्हणे, आणि दोघांच्याही संबोधनात आदर किती आहे हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नसे. तिचा स्वभाव गोड होता असे मी लिहिणार नाही. दुसऱ्याची चूक सापडली की ती आधी हसत असे आणि मग दाखवत असे.

पापनाशमच्या लग्नाची गोष्ट तिनेच कार्यालयात रूढ केली. आमच्या हिशेबनिसांच्या मुलीचे लग्न पापनाशमला होते. त्यांनी रावांना आमंत्रण देताना सांगितले की लग्न पापनाशमला, रविवारी, पण हा रविवार नव्हे, पुढचा. राव पहिल्या रविवारी गेले. त्याच मंडपात दुसऱ्याच कुणाचे लग्न होते. त्यांनी वधूवरांना अक्षता टाकल्या, स्टीलच्या डब्यांचा संच भेट दिला, दुसऱ्या पंगतीला जेवले आणि पायसम, म्हणजे तिथली खीर, उत्तम होते असे सोमवारी आम्हाला सांगितले. पुढच्या रविवारी सगळे निघाले तेव्हा ते आले नाहीत. आपण जाऊन आलो, पुन्हा कशाला, असे त्यांचे म्हणणे. हिशेबनिसांनी बिचाऱ्यांनी चूक समजावून सांगायचा प्रयत्न केला. राव म्हणाले, "लग्न होतं ना? पापनाशमला ना? रविवारी ना? मग?"

"सरांना आमंत्रण अर्धंच लागतं," सेल्वी म्हणाली, "जेवण मात्र पूर्ण."

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल. ते चांगले शिकवत. हे नोंदवणे भाग आहे, कारण पुढे जे झाले ते अज्ञानाने झाले नाही. नव्याने आलेल्या मुलामुलींना ते शनिवारी पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकवत आणि माहितीपुस्तिका लिहायची म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसत असे. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नेमून दिलेल्या एका कामाने, एकाच वेळी अनेक किमती, म्हणजे उत्तरादाखल येणारे आकडे किंवा शब्द, कशा परत द्यायच्या आणि मागणाऱ्याने त्या कशा सोडवून घ्यायच्या, हा त्यांचा आवडता धडा होता. त्यासाठी ते फळ्यावर केळीचे पान काढत.

पानाचे टोक डावीकडे. वर डाव्या कोपऱ्यात मीठ, त्याच्या शेजारी लोणचे, मग भाज्या, खाली उजव्या कोपऱ्यात पायसमचा थेंब. ते विचारत, पानावर कशाचे नाव लिहिलेले असते का? नाही. मग मीठ कोणते हे कसे कळते? जागेवरून. वाढणारा ठरलेल्या क्रमाने वाढतो, जेवणारा ठरलेल्या क्रमाने ओळखतो. फंक्शन म्हणजे वाढपी. त्याने तीन पदार्थ वाढले तर तुमच्याकडे तीन वाट्या हव्यात. दोनच धरल्यात तर पायथन हात थांबवतो आणि ओरडतो: किमती जास्त आहेत, वाट्या कमी आहेत. ओरडला तर त्याचे ऐका, तो उगाच ओरडत नाही.

इथपर्यंत मी यापेक्षा चांगला धडा ऐकलेला नाही. मग ते पुढचा भाग सांगत. एखादी किंमत तुम्हाला नको असेल तर? तर तिच्या जागी नाव लिहायचे नाही, एक आडवी रेघ द्यायची, अंडरस्कोर. आणि किती नकोशा किमती येतील हे ठाऊकच नसेल तर रेघेच्या आधी एक तारा लावायचा. तारा उरलेले सगळे गोळा करतो, कितीही असो. हा तारा आणि ही रेघ म्हणजे कोल्लै, असे ते म्हणत. तंजावरची जुनी घरे रस्त्यापासून मागच्या गल्लीपर्यंत लांबच लांब असतात आणि शेवटी परसदार असते. त्याला कोल्लै म्हणतात. भांडी तिथे, केर तिथे, उष्टे तिथे. "पहिलं घ्या," ते मला मराठीत समजावत, "उरलेलं परसात. घर स्वच्छ राहतं."

सेल्वी एकदा दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली की पानावर जे नको असते ते माणूस पानावरच ठेवतो, सर. वाढप्याला दिसते, घरच्यांना दिसते. न बघता कुणी परसात फेकत नाही.

"सरि, सरि," राव म्हणाले.

त्या वर्षी तिरुवैयारूच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे नवे यंत्र आले. जुने यंत्र दोन गोष्टी सांगे: आकडा आणि एकक. नवे यंत्र तिसरीही सांगू लागले: नमुना चांगला आहे की नाही. याला त्या भागात अर्थ होता. कावेरीकाठच्या गावांतून रक्ताचे नमुने मोपेडवरच्या पिशवीतून, खड्ड्यांच्या रस्त्याने, उन्हातून येत. हिंदकळून कधीकधी रक्तातल्या लाल पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतले पोटॅशियम नमुन्यात उतरते आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. नवे यंत्र अशा वेळी आकड्याबरोबर शेरा देई: पेशी फुटल्या आहेत, नमुना पुन्हा घ्यावा.

यंत्राकडून माहिती घेणारे फंक्शन सेल्वीचे होते. तिने त्यात तिसरी किंमत वाढवली आणि रावांना ईमेल केली. विषय होता, नवे यंत्र. तिसरी किंमत काय आहे आणि ती रिपोर्टवर कुठे छापावी, हे आत सविस्तर लिहिले होते. रावांचे उत्तर आले, सरि.

रिपोर्ट छापण्याचा भाग रावांचा होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा कंपनीचा दंडक होता. तो दंडकही रावांचाच. त्यांच्या भागात वाट्या दोनच राहिल्या. सकाळी प्रयोगशाळेचा फोन आला की रिपोर्ट छापले जात नाहीत. पायथन थांबला होता आणि ओरडत होता की किमती जास्त आहेत. राव उभ्या उभ्या संगणकाकडे गेले. त्यांनी त्या ओळीत दोन वाट्यांच्या पुढे एक तारा आणि एक रेघ लिहिली. रिपोर्ट धडाधड निघू लागले. मालक नटराजन कौतुकाने बघत होते. राव म्हणाले, दोन खुणांचं काम. तिसरी किंमत कुठून आली, हे त्यांनी सेल्वीला विचारले नाही. ती समोरच बसली होती. तिने मान वर केली तेव्हा ते कॉफी सांगायला गेले होते.

पुढे काही आठवडे तिरुवैयारूत पोटॅशियम वाढत राहिले. म्हणजे रिपोर्टमध्ये; यंत्राच्या पडद्यावरचा शेरा प्रयोगशाळेत कुणी बघत नसे. ज्येष्ठ नागरिकांना डॉक्टरांनी केळी बंद केली, शहाळी बंद केली. ज्या गावात केळीच्या पानावर जेवून केळ्याने जेवण संपवायचे, तिथे माणसे केळ्याकडे संशयाने बघू लागली. रावांनाही हे ऐकून माहीत होते. हवा बदलली आहे, असे त्यांनी मला कारण सांगितले.

रावांची थोरली बहीण तुळजा अक्का तिरुवैयारूत एकटी राहत असे. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, सडसडीत, हृदयाच्या दुखण्यावर औषध घेणारी. ती वाक्याला लांबून वळसा घालून मुद्द्यावर येई, आणि त्यामुळे भावाशी तिचा संवाद म्हणण्यासारखा काही होत नसे. तिचे रक्त त्या प्रयोगशाळेत गेले त्या दिवशी सेल्वी योगायोगाने तिथे होती, नवे यंत्र नीट चालते का बघायला. तिला यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसला आणि त्याच्या खाली शेरा दिसला. छापलेल्या रिपोर्टवर मात्र शेरा नव्हता. नाव ओळखीचे, म्हणून तिने तिथूनच रावांना फोन केला. मी रावांच्या समोर बसले होते. राव फोनवर म्हणाले, "हो अम्मा. अक्काचा? जास्त आहे? सरि, सरि." आणि फोन ठेवला. मग खिसे चाचपत, स्कूटरची किल्ली शोधत, ते घाईने जिना उतरले. बहिणीवर त्यांचा जीव होता. त्याबद्दल शंका नाही.

सेल्वीने पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. राव सरांना सांगितले आहे एवढ्यावर प्रयोगशाळेतले लोकही निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी राव रजेवर होते. ते अक्काला घेऊन डॉक्टरांकडे गेले, रिपोर्ट पुढे ठेवला आणि डॉक्टरांनी आकडा पाहून तिची एक गोळी ताबडतोब थांबवली. ती गोळी पोटॅशियम वाढवते, म्हणून. तीच गोळी तिच्या अंगातले पाणीही काढत होती.

गोळी थांबल्यावर अक्काचे पाय सुजले, मग धाप लागू लागली. तिला तंजावरच्या रुग्णालयात आणले तेव्हा दोन उशांवर टेकूनही तिला झोपता येत नव्हते. तिथे रक्त नव्याने तपासले. पोटॅशियम जसे असायला हवे तसे होते. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, गोळी कुणी बंद केली? तिथून चौकशी मागे मागे जात तिरुवैयारूच्या यंत्राच्या पडद्यापर्यंत पोचली. शेरा तिथे होता. यंत्राने सांगितले होते. प्रयोगशाळेने आमच्या मालकांना एकच विचारले: हा शेरा रिपोर्टवर का नाही? ज्याची चूक असेल तो माणूस कंपनीत राहिला तर आम्ही राहणार नाही, आणि त्याचे नाव आम्हाला कळले पाहिजे.

बैठक मालकांच्या खोलीत झाली. नटराजन, राव, सेल्वी, आणि वृत्तांत लिहायला मी. कोणाची नोकरी जाणार आणि कोणाचे नाव या छोट्या व्यवसायातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला कळणार, हे ठरायचे होते. राव शांत होते. त्यांचे डोळे जाग्रणाने लाल झाले होते. टोपण उघडत मिटत ते म्हणाले की फंक्शन सेल्वीचे. दोन किमती येत होत्या तोवर सगळे सुरळीत होते. तिसरी तिने घातली आणि घोटाळा झाला.

सेल्वी म्हणाली, "तिसरी मी दिली, सर. घेतली नाही ती तुम्ही."

"जी कुणी घेणारच नव्हतं ती दिलीस कशाला?"

नटराजन यांनी मान डोलावली. मी हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. वर्तमानपत्राच्या नोकरीत मी मंत्र्यांचीही खुलाशाची वाक्ये लिहून घेतली आहेत. याच्या तोडीचे आठवत नाही.

मग सेल्वीने फोनचा विषय काढला. त्यावर राव प्रथमच जरा पुढे झुकले.

"तूच सांगितलंस ना मला, जास्त आहे म्हणून? मी अक्काला नेलं ते तुझ्या सांगण्यावर."

"पुढे मी 'पण' म्हणाले होते, सर."

"पण?"

"पण नमुना खराब आहे, पुन्हा घ्या. तोवर तुम्ही फोन ठेवलात."

राव मालकांकडे वळले. आपल्याला ऐकू आले ते आपण सांगितले, असे ते म्हणाले. आणि ते खरे होते. त्यांना ऐकू आले त्यातला एकही शब्द त्यांनी बदलला नव्हता.

नटराजन वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी हिशेब केला. प्रयोगशाळांचे मालक रावांना ओळखत, रावांच्या शब्दावर प्रोग्रॅम घेत. सेल्वीला कोणी ओळखत नव्हते. संध्याकाळी तिला बोलावून त्यांनी महिनाअखेरीस जायला सांगितले आणि सगळ्या प्रयोगशाळांना कळवले की चूक करणाऱ्या कर्मचारी सेल्वी यांना कामावरून दूर करण्यात आले आहे. वृत्तांत मी मालकांना दिला होता. त्यात दोन्ही बाजू होत्या. त्यांनी तो वाचला, आभार मानले आणि बाजूला ठेवला.

 जायच्या आधी सेल्वीने मालकांकडे एकच मागणी केली: रावांच्या त्या ओळीला एकदा हात लावू द्या. राव अक्काजवळ रुग्णालयात असताना नटराजन हो म्हणाले. तिने तारा पुसला, रेघ पुसली, तिथे तिसऱ्या किमतीला एक नाव दिले, शेरा. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी तो ठळक छापला जाईल अशी सोय केली. मग टेबल आवरले आणि ओरत्तनाडूची बस धरली. तंजावर आणि आसपासच्या एकाही प्रयोगशाळेत वा कंपनीत तिला पुढे काम मिळाले नाही. तिने तीन ठिकाणी विचारले. तिन्हीकडे तिचे नाव आधी पोचले होते. शेवटी ती कोइंबतूरला गेली.

तुळजा अक्का बरी झाली. गोळी पुन्हा सुरू झाली, केळे पानावर परत आले. आणि रिपोर्टवर शेरा छापला जाऊ लागला तो सगळ्यांनी वाखाणला. डॉक्टर म्हणाले, आधीच असे हवे होते. ही सोय कुणी केली असे प्रयोगशाळेने विचारल्यावर नटराजन यांनी रावांचे नाव सांगितले, कारण छापण्याचा भाग रावांचा. राव नाही म्हणाले नाहीत. काही दिवसांनी ते शनिवारच्या वर्गात ती सोय स्वतःची म्हणून शिकवू लागले. फळ्यावर पान तसेच होते. फक्त कोल्लैचा भाग त्यांनी गाळला होता, आणि नकोशा वाटणाऱ्या किमतीलाही नाव द्यावे असे ते गंभीरपणे सांगत होते. मुले लिहून घेत होती.

प्रयोगशाळेच्या वर्धापनदिनाला तिरुवैयारूत त्यांचा सत्कार झाला. तिथल्या प्रथेप्रमाणे पोन्नाडै, म्हणजे जरीकाठी शाल, खांद्यावर घातली. निवेदक त्यांच्याबद्दल बोलत होता की रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी रावांनी स्वतःच्या घरच्या दुःखातून... इतक्यात रावांनी शाल सावरली आणि मान वळवली. स्वतःच्या स्तुतीचाही त्यांना पूर्वार्ध पुरला.

मला त्यांनी मुद्दाम बोलावले होते. तंजावरच्या मराठी समाजाच्या देवनागरी पत्रिकेत चार ओळी याव्यात, त्यांना वाचता येणार नसल्या तरी. कार्यक्रमानंतर आम्ही अक्काच्या घरी जेवायला गेलो. तिने पाने मांडली होती, टोके डावीकडे. वांग्याची आंबटगोड रसवांगी केली होती, रावांची आवडती. राव मन लावून जेवले. शाल त्यांनी काढली नव्हती. जेवणात त्यांनी अक्काला पूर्वजांविषयी काहीतरी सांगितले. किल्ल्याला आता एक तोफ जोडली गेली होती.

अक्का वाढत होती आणि नेहमीप्रमाणे लांबून बोलत होती. केळीच्या बागेचे, शेजारच्या मुलीच्या परीक्षेचे. मग तिने पळी भांड्यात ठेवली आणि भावाकडे नीट बघितले.

"मुकुंदा, शाल चांगली आहे."

"सरि, सरि," राव समाधानाने म्हणाले. त्यांनी पान आपल्याकडे दुमडले, मंगल प्रसंगी दुमडतात तसे, आणि उठून हात धुवायला मागे निघाले.

"पण ती त्या मुलीची आहे," अक्का म्हणाली.

ती थांबली नव्हती. वाक्य तिने त्याच सुरात, त्याच आवाजात पुरे केले होते. ऐकायला मी होते आणि दुमडलेले पान होते. तिला एवढे कसे ठाऊक, असे मी विचारले. अक्का म्हणाली की मी रुग्णालयात होते तेव्हा सेल्वी भेटायला आली होती, माझ्यापाशी बसून सगळे सांगून गेली, मी पूर्ण ऐकले.

लांबलचक घराच्या त्या टोकाला परसदार उघडे होते. विहिरीच्या कठड्यापाशी राव पाठमोरे उभे होते. तांब्यातून पाणी घेऊन ते खळखळून चूळ भरत होते आणि शाल भिजू नये म्हणून तिचा पदर एका हाताने उंच धरला होता.